विशाखा मेली नाही

१८ नोव्हेंबर १९८९, शनिवार. आज खळं सारवायला घेतलं. उद्यापासून आमच्या दोन एकरांतलं धान कापायचं, म्हणून आरोग्य केंद्रातून रजा टाकली आहे. नर्सबाईची रजा म्हणजे काय, तर इंजेक्शनऐवजी शेण. सकाळी जमीन ठोकून घेतली, दोन घमेली शेण कालवलं आणि कोपऱ्यापासून हात फिरवायला सुरुवात केली. अर्धं खळं झालं असेल, तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि पांढऱ्या बुटांतला एक माणूस बांधावरून तोल सांभाळत आला. त्याने नमस्कार केला. मी माझे हात दाखवले, म्हणजे उलट नमस्कार का येत नाही ते त्याला कळावं.

तो मुंबईच्या एका निर्मात्याचा माणूस. माझी नवी कादंबरी त्यांनी वाचली आहे, तिचा सिनेमा करायचा आहे, मागच्या सिनेमामुळे माझं नाव चाललेलं आहेच, वगैरे. मी म्हटलं, "शेवट?"

"या वेळी आम्ही नायिकेला मारणार नाही, बाई." हे त्याने अशा आवाजात सांगितलं, की मी उठून त्याचे आभार मानावेत.

"मग काय करणार?"

"फक्त डोळे जातील."

"परत येतील?"

"त्यावर अजून चर्चा सुरू आहे."

मी त्याला उद्या सकाळी यायला सांगितलं. सारवण मधेच सोडलं की जोड दिसतो, तिथून पापुद्रा सुटतो आणि मग भातात माती येते. सिनेमा एक दिवस थांबू शकतो. तो चंद्रपूरच्या लॉजवर परत गेला आणि मी उरलेलं अर्धं खळं सारवायला बसले. या कामात हात चालतात, डोकं रिकामं असतं. रिकाम्या डोक्यात पंच्याऐंशीचा हंगाम आला. आणायचा नव्हता, पण आला.

त्या वर्षीही नोव्हेंबरच होता. सकाळी तलावावर धुकं, लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं, उशिराचं भारी धान पिवळं होऊन उभं. ज्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, ओल होती तिथे उभ्या धानातच लाखोळीची डाळ पेरलेली, तिचे कोवळे कोंब पायाला गार लागायचे. कापलेल्या धानाला वास असतो, गोड आणि थोडा धुळीचा. तालुक्याच्या मूल गावाकडून वारा आला की त्यात राइस मिलच्या वाफेचा वास मिसळतो. माझा नवरा तिथेच मिस्त्री आहे. तो घरी येतो तेव्हा त्याच्या भुवयांवर कोंडा असतो. मी प्रेमकथा लिहिते हे ऐकून लोक त्याच्याकडे पाहतात आणि मग माझ्याकडे पाहतात. पाहू देत.

माझ्या प्रेमकथा कशा सुरू झाल्या ते लोक विचारतात. बाळंतपणामुळे सुरू झाल्या. पहिलटकरीण असली की वाट पाहावी लागते. दोन कळांच्या मधे करायला काही नसतं. मी पाणी उकळायला ठेवून रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायचे. बाहेर पडवीत सासू बसलेली, आत पोरगी कण्हते आहे, आणि माझ्या कागदावर कोणीतरी कोणाला तरी बसस्टॉपवर भेटतं आहे. हसू नका. ज्या खोलीत दुखणं भरलेलं असतं, तिथे बसून माणसाला दुखण्याविषयी लिहावंसं वाटत नाही.

विशाखा अशीच जन्मली. 'तुझ्या गावचा थांबा' या कादंबरीची नायिका. आरोग्य केंद्रातली नर्स, आमच्याच वस्तीतली पोरगी. रोज सकाळच्या एसटीने मूलला जाते, आणि कंडक्टर ती दिसेपर्यंत घंटी मारत नाही. एवढंच. प्रवासी ओरडतात, ड्रायव्हर मागे वळून पाहतो, हा खिशातली पेन्सिल शोधत राहतो. पुढे तिची बदली दूर सिरोंच्याकडे होते. घरचे म्हणतात, नोकरी सोड. ती सोडत नाही. तोच आपली बदली मागून घेतो. शेवटच्या पानावर ती सिरोंच्याच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली आहे आणि तो तिला तिकीट फाडून देतो. बायको असली तरी तिकीट. एवढ्या एका ओळीसाठी मला कितीतरी बायकांनी गाठून गाठून सांगितलं, की बाई, असा नवरा पाहिजे.

माझ्या वडिलांनी छप्पन साली चंद्रपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आले ते घरातले देव तलावात सोडले, आणि आम्हा तिघी बहिणींना शाळेत घातलं. विशाखा हे बौद्ध नाव त्यानंतरच्या पोरींचं. आमच्या वस्तीतच दोन-तीन होत्या. छापील प्रेमकथेत मात्र मला एकही भेटली नव्हती. तिथे सगळ्या सुनंदा आणि मृणालिनी. म्हणून मी एक लिहिली. आमचं घर, आमची वस्ती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या फोटोखाली बसून एक पोरगी केसाला तेल लावते आणि विचार करते, की उद्या त्याने घंटी मारली नाही तर आपण हसायचं की नाही.

चंद्रपूरच्या एका साहित्य मेळाव्यात एका तरुण कवीने मला उभं करून विचारलं होतं, "ताई, समाज जळतो आहे आणि तुम्ही प्रेमकथा लिहिता?" टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "वेदना आमच्या घरात फुकट मिळते, भाऊ. पुस्तक विकत घ्यावं लागतं." त्यावर टाळ्या पडल्या नाहीत. पलीकडच्या रांगेत एक प्राध्यापक होते, त्यांचं म्हणणं उलटं, की हे सगळं चहाबरोबर वाचायचं, बायकी. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण मी चूक आहे यावर त्यांचं एकमत होतं. माझी आई निरक्षर होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी केली. तिला मी ती कादंबरी वाचून दाखवली तेव्हा तिने एकच विचारलं, "जमलं ना वो पोट्टीचं?" जमलं म्हटल्यावर ती कूस बदलून झोपली. मला तेवढी समीक्षा पुरते.

तर पंच्याऐंशीचा हंगाम. कादंबरी खूप खपली आणि मुंबईच्या लोकांनी ती सिनेमासाठी घेतली. कागदावर मी सही केली. बदल करायचा हक्क त्यांचा, असं त्यात होतं, आणि मी ते वाचलं होतं. मला वाटलं, बदल म्हणजे गाणी घालतील. ते शूटिंगला आमच्या गावात आले आणि कळलं की विशाखाची तुळशी झाली आहे. वस्ती गेली, पाटलाचा वाडा आला. नर्सची नोकरी गेली. कंडक्टर जाऊन जीपवाला जमीनदाराचा मुलगा आला, त्यामुळे घंटीचा प्रश्नच मिटला. सिनेमाला त्यांनी कुंकवाचं नाव दिलं. कोणतं ते सांगत नाही, तेव्हा तसले सिनेमे वर्षाला चार निघत. आणि शेवटी तुळशी तलावात जीव देते.

मी दिग्दर्शकांना विचारलं, "का?"

चष्मेवाला, मऊ बोलणारा माणूस. म्हणाला, "बाई, कादंबरीत चालतं. पडद्यावर अशी मुलगी सुखी झालेली प्रेक्षकांना पटत नाही."

"अशी म्हणजे कशी?"

तो चहा पिऊ लागला.

मी परत विचारलं नाही. मला उत्तर मिळालं होतं. पण त्या दिवसापासून लसीकरणाला हिंडताना, पाण्यात क्लोरीन टाकताना, पोरांचं वजन करताना एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. आमच्यातली एक पोरगी कधी नव्हे ती पुस्तकात सुखी झाली होती. ही माणसं तिला माझ्या गावच्या तलावावर आणून, माझ्या लोकांसमोर, माझ्या नावाखाली मारणार होती. आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

त्यांना मागे पिवळं शेत उभं हवं होतं. धान कोणासाठी थांबत नाही. जास्त पिकलं की लोंबी झडते, दाणा बांधीत जातो आणि उंदरांची दिवाळी होते. एका शेतकऱ्याला त्यांनी कसंबसं थांबवलं. तो रोज सकाळी येऊन लोंबी हातात धरायचा आणि विचारायचा, "बाई, ते पोरगी कवा मरते? माया धान झडून राह्यला." त्याला घाई होती आणि मला ती वेळ येऊच नये असं वाटत होतं, असे आम्ही दोघं रोज त्या बांधावर उभे.

मग तो दिवस आला. भर दुपार. तलावाच्या पाळीवर तिरडी, तिच्यावर पांढऱ्या कपड्यात तुळशी झालेली मुंबईची पोरगी, आणि भोवती रडायला गावातल्या वीसेक बाया. सगळ्या धान कापणाऱ्या, आमच्या वस्तीतल्याही आणि गावातल्याही, बहुतेकींची बाळंतपणं मी केलेली. पुढे पार्बताबाई. पार्बताबाई म्हणजे आमच्या गावातली कापणीची मुकादम म्हणा, किंवा गावचा आवाज म्हणा. लग्नात गाणं तिने उचलायचं आणि मरणात रडणंही.

दिग्दर्शक म्हणाले, "हं, रडा."

कोणी रडेना.

"अहो, रडा ना!"

पार्बताबाई म्हणाली, "साहेब, पोट्टी जिती हाये."

"मावशी, हे नाटक आहे."

"नाटक हाये ते आमाले मालूम हाये. पण रडणं तं खरंच लागते ना? जित्या माणसावर रडलं तं त्याचं आयुक्ष तुटते. तुमी रडा, आमी पायतो."

हे शहरी माणसाला कळणं कठीण आहे. आमच्याकडे बाया नुसत्या हुंदके देत नाहीत. सूर धरून, बोलून रडतात. गेलेल्याला हाक मारायची, त्याचं काय काय होतं ते एकेक सांगायचं, कोणामुळे गेला तेही सांगायचं. मयतीच्या घरी जे कोणी तोंडावर बोलू शकत नाही, ते सुनेला रडताना बोलता येतं. जावांची भांडणं, सासूचे जाच, नवऱ्याची दारू, सगळं त्या सुरात निघतं आणि त्याबद्दल नंतर कोणी कोणाला जाब विचारत नाही. असं रडणं जिवंत पोरीवर कोणी खर्च करत नसतं. शिवाय त्या पोरीचं नुकतंच लग्न झालेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी डबा खाताना तिनेच सांगितलं होतं.

दिग्दर्शक घायकुतीला आले. ऊन कलत होतं. म्हणाले, "हे बघा, खरं रडू नका. नुसतं तोंड हलवा. आवाज आम्ही नंतर मुंबईला भरणार आहोत."

पार्बताबाईने मान तिरकी केली. "आवाज नाई लागत?"

"नाही."

"मंग आमी काईबी बोललो तं चालते?"

"काहीही बोला, मावशी! फक्त चेहरा रडका ठेवा."

पार्बताबाईने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. मी खूणही केली नाही. पण ती कादंबरी आमच्या वस्तीत मोठ्याने वाचली गेली होती आणि कोणाला काय पाहिजे ते त्या बाईला सांगावं लागत नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, तिरडीच्या उशाशी बसली, छातीवर हात मारला आणि सूर उचलला.

"उठ वो माय विशाखा, तुले काई नाई झालं वोऽऽ"

मागून बाकीच्या, "नाई झालं वो माय, नाई झालंऽऽ"

"हा कॅमेऱ्याचा डबेवाला गेला का उठ वो, तुयी एसटी लागली वोऽऽ"

"कंडक्टर थांबून राह्यला वो माय, घंटी नाई मारून राह्यला वोऽऽ"

"हा चष्मेवाला तुले मारून राह्यला वो, याच्या घरी पोट्ट्या नाई का वोऽऽ"

"याले बायको नांदते का नाई, पाय वो मायऽऽ"

चेहरे असे, की दगडाला पाझर फुटावा. दिग्दर्शकांच्या चष्म्याआड पाणी आलं होतं, ते कॅमेरावाल्याला हलकेच म्हणत होते, "वा, काय पकडलंस!" त्यांना आमची बोली अर्धीमुर्धी कळत होती आणि सुरात ती अजिबात कळत नाही. तेवढ्यात तिरडीवरची चादर गदागदा हलायला लागली.

"कट! मृतदेह हलतोय!"

मृतदेह उठून बसला आणि पोट धरून हसला. त्या पोरीला मात्र सगळं कळलं होतं. तिचं माहेर विदर्भातलं निघालं. तिने दिग्दर्शकांना काही सांगितलं नाही. डोळ्यांतलं पाणी पुसून पुन्हा आडवी झाली आणि पार्बताबाईला हळूच म्हणाली, "मावशी, थोडं कमी हसवा जी."

दुसऱ्या वेळी बायांनी आणखी वाईट शिव्या घातल्या. ती पोरगी दात आवळून पडून राहिली. शॉट मिळाला. संध्याकाळच्या आत शेतकऱ्याने विळा हातात घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा मूलला लागला. आमच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सगळ्या बाया तीनच्या खेळाला गेल्या. मी जाणार नव्हते. पार्बताबाई दारात येऊन उभी राहिली, "चाल ना वो सिस्टरबाई, मयतीले घरचं माणूस नाई का पाह्यजे?" गेले. टॉकीज गच्च भरलेलं, पंखे फिरत होते पण वारा येत नव्हता. पोस्टरवर माझं नाव आडनावासकट होतं. ते मी भांडून घालून घेतलं होतं, आणि आता ते तसं नसतं तर बरं असं वाटत होतं. दोन तास तुळशी गात होती, सोसत होती, उंबऱ्यावर डोकं टेकत होती. मग ती तलावात गेली. टॉकीजभर नाकं ओढल्याचे आवाज. मग तिरडी, आणि पडद्यावर ही मोठी पार्बताबाई.

आवाज दुसरीचाच होता. "अगं बाई गं, तुळशी! कुठे गेलीस गं आम्हाला सोडून!" पण ओठ आमचे होते. ओठ म्हणत होते, उठ वो माय विशाखा.

आमच्या रांगेत आधी एकीला खोकला आला. मग दुसरीने पदर तोंडात कोंबला. मग पार्बताबाईने खुर्चीत बसल्या बसल्या तोच सूर उचलला, खणखणीत, पडद्यावरच्या ओठांशी अगदी जुळवून. "तुले काई नाई झालं वोऽऽ" आणि सगळी रांग मागे लागली. एसटी लागली, कंडक्टर थांबला, चष्मेवाल्याचा उद्धार झाला. पुढच्या रांगेतली मूलची एक बाई डोळे पुसत मागे वळली आणि कडाडली, "लाज नाई का वो तुमाले? पोरगी मेली तिथं!"

"मेली नाई वो बाई," पार्बताबाई म्हणाली. "पाय नीट. तोंडाकडे पाय."

त्या बाईने पाहिलं. आधी कपाळाला आठी पडली, मग ती सुटली. मग तीही हसू लागली. आठवड्याभरात ही बातमी तालुक्यात फिरली आणि लोक तो शेवट पाहायला परत परत जाऊ लागले. दिग्दर्शकांना कोणीतरी कळवलं असेल, की मूलला तुमचा सिनेमा जोरात चालतो आहे. काय पाहायला चालतो, ते कळवलं की नाही मला ठाऊक नाही.

सगळं असं हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. गेलं नाही. प्रकाशकांनी निरोप पाठवला, की नवी आवृत्ती काढू, मुखपृष्ठावर नायिकेचा फोटो, आणि शेवटचं प्रकरण सिनेमाप्रमाणे करून द्या, वाचक तेच मागतात. मी नागपूरला त्यांच्या दुकानात गेले आणि काउंटरवर उभी राहून नाही म्हटलं. ते म्हणाले, "एका प्रकरणाचा प्रश्न आहे, बाई. दोन दिवसांचं काम." मी म्हटलं, "मी माणसं जन्माला घालण्याच्या खात्यात आहे. हे काम दुसऱ्या खात्याचं." ते म्हणाले, मग आवृत्तीही नाही. तेव्हापासून आजपर्यंत ती कादंबरी कुठे मिळत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आहे. पानं सुटलेली, खळीने चिकटवलेली, या गावाहून त्या गावाला माहेरवाशिणींच्या पिशवीतून जाते. मला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू. छापलेलं पुस्तक दुकानात दिसावं असं कोणाला वाटत नाही? पण विशाखा जिवंत आहे आणि दुकानात नाही, हे मला विशाखा दुकानात आहे आणि मेलेली आहे यापेक्षा बरं वाटतं. कोणी याला हट्ट म्हणतं. असू दे.

आज जीपवाल्याने डोळे मागितले. नव्या कादंबरीतली पोरगी वडसा स्टेशनवर तिकीटखिडकीत बसते. तिला डोळ्यांचं काम आहे. मी दिवसभर विचार केला, की त्याला काय सांगावं. समाजाचं सांगावं, की सुखाचं सांगावं, की प्रेक्षकांचं. मागच्या वेळी मी एका वाक्यात "का" विचारलं होतं आणि समोरच्याने चहा प्यायला घेतला होता. प्रश्न बरोबर होता. विचारणारी एकटी होती, एवढंच चुकलं.

खळं पूर्ण झालं, वाळलं. हात धुतले तरी वास राहतो. राहू दे.

१९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी जीप आली तेव्हा आम्ही बांधीत उतरलो होतो. दव अजून लोंबीवर होतं. पार्बताबाई आणि बारा-तेरा बाया, कमरेला पदर खोचलेला, हातात विळे. पाहुणा बांधावर उभा राहिला आणि बूट सांभाळत म्हणाला, "मग बाई, काय ठरलं?"

मी म्हटलं, "यांना गोष्ट सांगा. शेवटासकट. यांना पटला तर मी सही करते."

त्याला ती गंमत वाटली. त्याने घसा साफ केला आणि चांगली रंगवून सांगितली. स्टेशन, तिकीटखिडकी, रोज येणारा तो मुलगा. बाया कापता कापता ऐकत होत्या, एक-दोन लाजल्याही. मग तो म्हणाला, "आणि मग एका अपघातात तिचे डोळे जातात."

सगळे विळे थांबले.

पार्बताबाई सरळ झाली. "कोणाचे?"

"नायिकेचे."

"काऊन?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाठ फिरवली, माझी ओळ धरली, मुठीत धान घेतलं आणि कापू लागले.

"नाही, म्हणजे... तसं नको असेल तर बदलता येईल," तो मागे म्हणत होता.

"येईल नाई, भाऊ," पार्बताबाईचा आवाज आला. "बदलून राह्यले का नाई, ते सांगा. आमाले कापाचं हाये."

मी दुसरी मूठ धरली.